चार माणसांचं शेड

१

फॅक्टरीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी सकाळचा भोंगा वाजायच्या आत धर्मेंद्र गजभियेची दाढी उरकलेली असायची. जवाहरनगरचं क्वार्टर सुटलं होतं. आता फॅक्टरीजवळच्याच ठाणा गावात स्वतःचं घर होतं. पण भोंगा तिथंही ऐकू यायचा, आणि ऐकला की हा माणूस आपोआप उठून चपला शोधायचा. मग त्याची बायको सुमनबाई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बसा आता. तुमची बस गेली." रोज म्हणायची. रोज तो हसायचा, आणि रोज त्याला थोडं वाईटही वाटायचं.

चौतीस वर्षं तो तपासणीत होता. बाकीच्यांनी बनवायचं, यानं मापात बसतं का ते पाहायचं. हातात पोलादी गेज. नग त्याच्या एका टोकातून गेला पाहिजे आणि दुसऱ्या टोकाशी अडला पाहिजे. तसं झालं तरच पास. साहेबानं कितीही घाई केली तरी हा पठ्ठ्या गेज लावल्याशिवाय पेनाचं टोपण काढायचा नाही. बोलायला फटकळ, मनानं मऊ, आणि सहीच्या बाबतीत अगदी हट्टी.

आणि तो सेक्शन तरी कसा होता म्हणून सांगू. स्फोटकांचं काम, त्यामुळे आत शिरण्याआधी घरचे कपडे उतरवायचे, बिनखिशाचा पोशाख चढवायचा, पायात कापडी जोडे. काडेपेटी, किल्ल्या, सुटे पैसे, जे असेल ते दाराबाहेरच्या फळीवर ठेवायचं. दाराशी तांब्याची पट्टी असायची, तिला तळहात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. आणि वर पाटी: मॅन लिमिट ४. आत चार माणसं. आभाळ कोसळलं तरी पाचवं नाही. पाचव्याचं काम निघालंच, तर त्यानं उंबऱ्याशी थांबून हाक द्यायची, "एक येऊन राहिला." आतला कोणी उठून बाहेर यायचा, मग हा आत. ज्याचा हात रिकामा तो उठायचा. ही हाक धर्मेंद्रच्या जिभेवर इतकी बसली होती, की पुतणीच्या लग्नात जेवणाच्या मंडपाच्या दाराशीही तो तेच म्हणाला, आणि तुलाराम हसता हसता खुर्चीवरून पडता पडता राहिला.

तुलाराम शेजारच्या टेबलावरचा. लाखांदूरकडच्या दिघोरीचा, घरी धानाची शेती. नवा तांदूळ निघाला की पहिली पायली गजभियांकडे. दुपारी त्याच्या डब्यातली लाखोळीची डाळ आणि धर्मेंद्रच्या डब्यातली जवसाची चटणी एकाच ताटात पडायची. धर्मेंद्रला 'धर्मा' म्हणणारा सबंध जगात तो एकटा. असे दिवस गेले की माणूस म्हणतो गेले, पण ते कुठं जात नाहीत, छातीत बसून राहतात.

२

तर अशा तुलारामशी धर्मेंद्रचं बोलणं बंद झालं होतं, आणि कारण काय, तर शेअर.

फोनवर एक ग्रुप होता, 'भंडारा शेअर कट्टा'. चारशेच्या वर माणसं: निवृत्त कामगार, मास्तर, दुकानदार, दोन-चार डॉक्टर. दोन महिन्यांपासून तिथं एकच जप सुरू होता, वैनप्रभा अलॉइज. या कंपनीनं म्हणे चिखल्याच्या मॅंगनीज खाणीपलीकडे कारखाना टाकला, गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागतं तसलं शुद्ध मॅंगनीज काढतात, तीन पाळ्या चालतात. अकरा रुपयांचा शेअर चौऱ्याण्णववर गेला होता. रोज अपर सर्किट, म्हणजे एका दिवसात वाढू देतात तेवढा भाव वाढलेला, आणि रोज रॉकेटची चित्रं.

धर्मेंद्रनं कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घेतला आणि चष्मा लावून पानं चाळली. विजेच्या खर्चापाशी त्याचं बोट थांबलं. तीन पाळ्या भट्टी चालवणाऱ्यांचं वर्षाचं बिल एखाद्या पिठाच्या गिरणीइतकं होतं. त्यानं ते पान ग्रुपवर टाकलं. झालं, मोहोळ उठलं.

"काका, तुम्ही एफडीच करा."

"ज्यांची गाडी सुटते ते स्टेशनवर उभं राहून दगड मारतात."

"ग्रुपमध्ये राहायचं तर सकारात्मक राहा."

धर्मेंद्र अशानं थोडाच हटणार. पण त्याला एक गोष्ट खटकत होती. त्याच्याआधीही दोघांनी असाच वाद घातला होता. तुमसरला छापखाना चालवलेला योगेंद्र, आणि साकोलीकडच्या भातगिरणीत काम केलेला मंगेश. दोघेही म्हणाले होते, मी स्वतः जाऊन पाहतो. दोघे गेले, आले, आणि दोघांनी लिहिलं, "पाहून आलो. काम जोरात सुरू आहे." त्या दिवसापासून दोघेही कंपनीचे ढोल बडवत होते.

तेव्हा धर्मेंद्रनंच तुलारामला गाठलं होतं. "तू जा. माह्या डोळ्यापेक्षा तुहा डोळा चांगला." तुलाराम गेला. संध्याकाळी ग्रुपवर त्याचंही वाक्य आलं: "पाहून आलो. काम जोरात सुरू आहे." तिघांचं वाक्य काना-मात्रेसकट तेच. दुसऱ्या दिवशी तुलारामनं निवृत्तीचा सगळा पैसा वैनप्रभात घातला, आणि त्याच्या शब्दावर सेक्शनच्या जुन्या अकरा जणांनीही घातला. तुलारामचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

धर्मेंद्रनं ग्रुपवरच विचारलं, "गेज लावलं का?"

तुलारामचं उत्तर आलं, "गजभिये साहेब, ज्याला घ्यायचा नाही त्याने ग्रुप सोडावा."

साहेब. धर्मेंद्र त्या शब्दाकडे बराच वेळ पाहत राहिला.

३

त्या 'पाहून आलो'सोबत तुलारामनं शेडच्या आतला फोटोही टाकला होता. त्याखाली लोकांची नुसती झुंबड. 'भट्टी बघा भट्टी.' 'मशिनरी जर्मन दिसते.' 'किती माणसं कामाला!' धर्मेंद्रनं फोटो बोटांनी मोठा केला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

फोटोत भट्टी नव्हती. तेल दिलेली लाल फरशी होती. लाकडी टेबलं चार. दाराच्या चौकटीला तांब्याची पट्टी. आणि वरती, कोपरा जरा कापला गेलेली, पण वाचता येत होती अशी पाटी: मॅन लिमिट ४. आता मॅंगनीज गाळायच्या कारखान्यात असली पाटी कोण लावेल? तिथं शंभर माणसं शिरली तरी काही उडत नाही.

त्यानं सुमनबाईला हाक मारली. "हे पाय जरा. काय दिसते?"

तिनं हात पदराला पुसून फोन घेतला, लांब धरला, जवळ धरला. "काय दिसन? रिकामं शेड हाये. टिना हायेत. खाली माती."

"पाटी नाई दिसत?"

"तुमचा चष्म्याचा नंबर वाढला," ती म्हणाली आणि फोन परत दिला.

धर्मेंद्र विचारी माणूस. त्यानं मनाशी हिशेब मांडला: फोनचा पडदा लहान, डोळे म्हातारे, आणि माणसाला जे आठवतं ते दिसतं. एवढं पटवून घेऊन त्यानं फोटो पुन्हा उघडला. पाटी तिथंच होती.

मग न राहवून तो तुलारामच्या घरी गेला. दोन गल्ल्या सोडून तर घर. सुनेनं, खुशबूनं, दार उघडलं. "या ना काका. बाबा लई खुशीत असतात आजकाल," ती म्हणाली, आणि मग जरा आवाज खाली घेऊन, "डाळ मात्र नाई खात. लाखोळीची डाळ म्हनते मले आवडत नाई."

तुलाराम बाहेर आला. चेहरा तोच, मिशी तीच, हसू मात्र पाहुण्याला दाखवतात तसलं. त्यानं खुर्ची पुढे केली. "बसा गजभिये साहेब."

"मी धर्मा आहो गा," धर्मेंद्र म्हणाला.

"हो, हो," तुलाराम म्हणाला. "धर्मेंद्रजी. माहीत आहे ना."

चहा न पिताच धर्मेंद्र उठला. घरी येईपर्यंत त्याचे डोळे भरून आले होते. रागावलेला मित्र त्यानं आधीही पाहिला होता, पण हा रागावलेलाही नव्हता.

४

त्याची मुलगी हर्षा नागपूरला एका सीएच्या ऑफिसात होती. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एक घाव दोन तुकडे केले. "बाबा, सेबीकडे तक्रार टाका. घरबसल्या होते. विजेच्या खर्चाचं पान आहेच तुमच्यापाशी. फक्त जागेचा एक साफ फोटो पाहिजे. मी येते रविवारी, आपण दोघं जाऊ."

रविवारला पाच दिवस होते. ग्रुपवर रोज कोणी ना कोणी नवं लिहीत होतं, की बायकोचे दागिने मोडले, की पोरीच्या शिक्षणाचे काढले. तुलारामला आपणच पाठवलं, ही गोष्ट धर्मेंद्रला जेवू देत नव्हती. तक्रार वेळेत गेली तर अकरा घरं वाचतील, बाराव्या घरात तुलारामही वाचेल. मंगळवारी सकाळी भोंगा झाला आणि या वेळी चपला शोधून तो खरोखरच निघाला.

"कुठं निघाले?" सुमनबाईनं विचारलं.

"चिखल्याले. फोटो काढतो अन् येतो."

"हर्षी येणार हाये ना रविवारी?"

"तवापर्यंत अजून दोघं-चौघं बुडतीन."

स्कूटर त्याच्यासारखीच जुनी. अर्धा चोक ओढायचा, डावीकडे कलती करायची, की तिसऱ्या किकला चालू. दुसऱ्या कोणाला ती कधी जमली नाही. भंडारा गेलं, तुमसर गेलं, गोबरवाही गेलं. कापणी होऊन गेलेल्या धानाच्या बांध्यांत नुसती धसकटं उभी होती आणि ऊन छान कोवळं होतं. दोन तासांत तो चिखल्याला पोचला.

खाणीच्या वसाहतीच्या तोंडाशी सीताबाईची चहाची टपरी होती. तिनं कपात चहा ओतता ओतताच त्याला जोखलं. "शेड पाहाले आले का जी?"

"तुम्हाले कसं कळलं?"

"असेच येतेत. एकेकटे. तिकडं कारखाना नाई अन् फिरखाना नाई. लाइटचा खांब बी नाई. तरी येतेत."

"मग काय करतात?"

"जातेत, अन् घंटाभरानं हासत हासत वापस येतेत." तिनं गाळणी आपटली. "जेवढे गेले तेवढे आले. मांगं कोनी नाई राह्यलं. पन एक सांगू का जी? जाताना चहा उधार मांगते तो मानूस येताना मले ओळखत नाई."

धर्मेंद्रनं चहाचे पैसे तिच्या हातावर ठेवले आणि पायवाटेनं निघाला.

५

शेड सागाच्या झाडांमागे होतं. पत्र्याचं, एका दाराचं. विजेची तार नाही, धुराडं नाही, ट्रकच्या चाकांची खूण नाही. कंपनीच्या नावाचा फलक तेवढा झगझगीत. धर्मेंद्रनं स्कूटर लावली आणि चारी बाजूंनी फोटो काढले. झालं होतं काम. हाताच्या काकणाला आरसा कशाला? तिथूनच माघारी फिरला असता तर मला ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण आत न पाहता सही करेल तो गजभिये कसला.

तो दाराजवळ आला आणि त्याला वास आला. फरशीच्या तेलाचा, धुतलेल्या सुती चिंध्यांचा, आणि कुठंतरी डबा तापत ठेवलाय त्याचा. मग आवाज. टक्. जरा थांबून, टक्. नग गेजमध्ये अडल्यावर होतो तो आवाज. कोणी म्हणेल, पत्रा तापला की वाजतो. धर्मेंद्रनंही तेच म्हटलं. पण पत्रा एका लयीत वाजत नाही, आणि ही लय त्याला ठाऊक होती. डावखुऱ्या माणसाची लय होती, आणि तुलाराम डावखुरा.

दाराबाहेर फळी होती. त्यानं खिशातला फोन काढून फळीवर ठेवला, स्कूटरची किल्ली ठेवली. का ठेवली, हे त्याला विचाराल तर तो सांगू शकणार नाही. चौकटीला पट्टी होती, तिला तळहात लावला. तांबं गार होतं. आत गच्च अंधार, उन्हातून आल्यामुळे डोळ्यांना काहीच दिसेना. आणि उंबऱ्यापाशी पाय जुळवून तो, सवयीनं, निव्वळ सवयीनं, म्हणाला, "एक येऊन राहिला."

आत खुर्ची सरकली.

कोणीतरी उठून दाराकडे आलं. कापडी जोड्यांचा तो मऊ आवाज. धर्मेंद्र रीतीप्रमाणे अंग चोरून बाजूला झाला आणि तो माणूस त्याच्या अगदी जवळून बाहेर गेला. तोंड दिसलं नाही. सुमनबाई ज्या तेलानं त्याचं डोकं चोळायची त्या तेलाचा वास मात्र आला. मग धर्मेंद्र आत गेला.

मागं त्याची स्कूटर चालू झाली. तिसऱ्या किकला.

६

"काय गा धर्मा," अंधारातून कोणीतरी म्हणालं.

डोळे सरावले तसं दिसलं. लाल फरशी. चार टेबलं. तुलाराम आपल्या टेबलावर, बिनखिशाच्या पोशाखात, डाव्या हातात गेज. हसत नव्हता. त्याचे डोळे रडून सुजलेले होते, आणि तरीही त्या दोन डोळ्यांत धर्मेंद्रला आपला मित्र दिसला, सगळाच्या सगळा.

"तू कायले आला?" तुलाराम म्हणाला. "मी रोज मनात म्हणत होतो, धर्मा येऊ नये, धर्मा येऊ नये."

"तू घरी हायेस," धर्मेंद्र म्हणाला. "मी पाहून आलो तुले."

"थो मी नोहे."

पलीकडच्या दोन टेबलांवर दोघे होते. एकानं नुसती मान हलवली, तो योगेंद्र. त्याच्या लेखी हा छापखाना होता आणि तो खिळे जुळवत होता. दुसरा मंगेश, अजून चाळिशीतला, त्याच्यापुढे तांदळाचा नमुना होता. ज्याला त्याला आपापलं दिसत होतं.

धर्मेंद्र वळला आणि दाराकडे गेला. उंबऱ्यापाशी पाय थांबले. कोणी धरलं नव्हतं, दार सताड उघडं होतं, बाहेर साग दिसत होते, सागाखाली स्कूटरच्या चाकाची ताजी खूण दिसत होती. पण आत दुसरा आल्याशिवाय टेबल रिकामं सोडून तो चौतीस वर्षांत कधी गेला नव्हता, आणि आताही जाता येईना. तीनदा त्यानं पाय उचलला. तीनदा तो परत येऊन टेबलाशी बसला.

"कोनी आला की एक सुटते," तुलाराम म्हणाला. "पन ज्याच्या जागी सुटला, त्याचाच होऊन जाते. त्याच्या घरी जाते, त्याच्या ताटात जेवते. माह्यावेळी जो गेला, तो बी कोनाचा तरी बाप असन. कवापासून बसला होता कोन जाने. उठताना मले पाया पडला गा तो."

इतकं भय धर्मेंद्रला आयुष्यात वाटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, लाज वाटावी असं दुसरंही काही वाटत होतं. टेबलाची कड त्याच्या कोपराला बरोबर लागत होती. गेज हातात आलं तर त्याचं वजन तेच होतं. तुलारामनं डबा उघडला. लाखोळीची डाळ होती, वाफाळती, आणि जगात त्या वासासारखं दुसरं काही नाही.

"खाय," तुलाराम म्हणाला. "उपाशी राहून काय होते?"

तो जेवला. जेवता जेवता रडला, आणि रडता रडता त्याला जाणवलं, की गेल्या तीन वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

७

तिथं दिवस कळत नसे. दारातून येणारं ऊन फरशीवर जरा सरकायचं आणि परत जागेवर यायचं. नेहमी सकाळचे दहा. ते दोघं जुन्या गोष्टी काढायचे. सातच्या बसमध्ये खिडकीसाठी होणारी भांडणं. कॅन्टीनच्या चहावर येणारी साय. हर्षा पहिलीत गेली तेव्हा तुलारामनं तिला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं, आणि तिनं त्याच्या मिशीला फणी केली होती.

"मग आपलं भांडण?" एकदा धर्मेंद्रनं विचारलं.

"माह्यं कुठं भांडण झालं तुह्याशी? मी तर इथं होतो."

धर्मेंद्रला केवढा दिलासा वाटला म्हणून सांगू. सेक्शनची अकरा घरं बुडत होती, तक्रार तशीच राहिली होती, सुमनबाईच्या ताटासमोर कोण बसला होता देव जाणे, आणि हा माणूस मित्र रुसला नव्हता म्हणून सुखावला होता.

मग एकदा दूर गाडीचा आवाज आला. गाडीचं दार लागल्याचा आवाज. पाचोळ्यावरून पावलं.

"आई, पोचली मी," बाहेरून आवाज आला.

धर्मेंद्रनं आवाज ओळखला. हर्षा फोनवर बोलत होती.

"ते काय करून राहिले घरी? ... तुलारामकाकांसोबत चहा? ... नाही, आई, तू माझं ऐक. बाबांनी ग्रुपवर लिहिलं, पाहून आलो, काम जोरात सुरू आहे. बाबा असं लिहितील? एक ओळ तरी लिहितील का मापाशिवाय? अन् काल मी आली तर मले म्हणतात, तुम्ही कधी आल्या. तुम्ही. मले." पावलं जवळ आली. "मी पाहते अन् येते. तू त्यांच्यासोबत एकटी नको बसू."

ती दारात आली. उन्हात तिची आकृती काळी दिसत होती, एक हात चौकटीवर, तांब्याच्या पट्टीच्या वीतभर वर. ती आत वाकून पाहत होती आणि तिला काही दिसत नव्हतं. अजून नव्हतं.

"बाबा?" ती म्हणाली. घरी असलेल्या बापाला आपण इथं का हाक मारतोय, हे तिला स्वतःलाही कळलं नसावं.

धर्मेंद्रच्या गळ्यापर्यंत ओ आली होती. एक ओ दिली की ती आत येणार, कारण ती त्यालाच शोधत आली होती. ती आत आली की चौघांतला एक सुटणार, आणि हर्षा होऊन नागपूरला जाणार. त्यानं ओठ दातांखाली धरले.

तेवढ्यात मंगेशची खुर्ची सरकली. मंगेशला घरी तीन वर्षांचं लेकरू होतं. तो अर्धा उठला होता, डोळे दारावर, तोंड उघडं. धर्मेंद्र फरशीवर उतरला, गुडघ्यांवर, आणि त्यानं मंगेशपुढे हात जोडले. चौतीस वर्षं ज्यानं साहेबापुढे मान वाकवली नव्हती, त्यानं पोराच्या वयाच्या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलं.

मंगेश उभाच होता. मागं तुलारामनं आपलं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. योगेंद्रनं डोळे मिटले होते.

मग मंगेश हळूच खाली बसला.

"कोणी नाही आई," हर्षा दारात म्हणाली. "रिकामं आहे. पत्रे अन् माती. एक मशीन नाही." फोनचा फ्लॅश चमकला, एकदा, दोनदा, सहादा. प्रत्येक चमकेत तिला रिकामं शेड दिसत होतं, आणि धर्मेंद्रला तिचा चेहरा दिसत होता, घामेजलेला, हट्टी, अगदी त्याच्यासारखा. "आजच टाकते तक्रार. सगळे फोटो जोडते. याला सील लावल्याशिवाय मी राहत नाही."

पावलं दूर गेली. गाडी चालू झाली, वळली, आणि तिचा आवाज सागांपलीकडे विरला.

मंगेश टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होता आणि धर्मेंद्र त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"हर्षी लई मोठी झाली रे," तुलाराम म्हणाला.

"हो."

"थे तक्रार करन?"

"करन. सोडणार नाही ती."

तुलारामनं गेज खाली ठेवलं. "मंग शेडले सील लागन. मंग इथं कोनीच येनार नाई, धर्मा. पाहाले बी नाई."

"नाही येणार."

"कोनीच नाई."

"बरं झालं," धर्मेंद्र म्हणाला, आणि मग त्यालाही रडू आलं.